विशेषण कोणाचे असते?

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीला परदेशातील एका विद्यापीठात अनुवादाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा होता. तिचे शिफारसपत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिले. पत्र इंग्रजीत असणे भाग होते. आम्ही पडलो मराठीचे प्राध्यापक, म्हणून जुन्या पत्रांच्या फाइलमध्ये जे शब्द वर्षानुवर्षे नांदत होते तेच उचलले. मुलगी 'सिंपल' आहे, 'होमली' आहे, अभ्यासात 'सिन्सिअर' आहे. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पत्र वाचून घेण्यासाठी तिच्याच हाती दिले. चार दिवसांनी ती ते घेऊन परत आली आणि बराच वेळ घुटमळून म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. पण हे वाचून त्यांना असं नाही ना वाटणार, की मी जरा मंद आहे आणि दिसायलाही बेताची आहे?"

तिने शब्दकोश पाहिला होता. आम्ही पाहिला नव्हता. 'सिंपल' हे विशेषण माणसाला लावले तर इंग्रजीत त्याचा अर्थ साधाभोळा, आणि त्यापुढे जाऊन बुद्धीने बेताचा, असाही होतो. 'होमली'ची कथा आणखी विचित्र आहे. ब्रिटनमध्ये ते घरगुती उबेचे विशेषण आहे, अमेरिकेत रूपाने सामान्य असलेल्या व्यक्तीचे, आणि आपल्या विवाहविषयक जाहिरातींत ते गृहकृत्यदक्ष वधूचे. 'सिन्सिअर' म्हणजे आत एक आणि बाहेर एक असे नसलेला. आम्हांला म्हणायचे होते ते इतकेच, की ही मुलगी तास बुडवत नाही. तीन शब्दांपैकी एकही शब्द तिच्याविषयी काही सांगत नव्हता. तिच्याकडे न पाहता पत्र लिहून मोकळे झालेल्या दोन प्राध्यापकांविषयी मात्र ते तिन्ही शब्द बरेच काही सांगत होते.

हा प्रसंग आम्ही आमच्या इंग्रजीच्या कच्चेपणाचा कबुलीजबाब म्हणून नोंदवत नाही. तो प्रश्न शिकवणी लावून सुटला असता. आमचे म्हणणे वेगळे आहे. इंग्रजी विशेषणांशी आपण जे वागतो ते विशेषण म्हणजे काय याविषयीच्या एका खोट्या समजुतीतून वागतो. ती समजूत आपल्या इंग्रजीपुरती मर्यादित राहिलेली नाही; ती आपल्या मराठी समीक्षेत, आपल्या उत्तरपत्रिकांत आणि आपण स्वतःला लावून घेतलेल्या बिरुदांत शिरलेली आहे.

समजूत कोणती? शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेली व्याख्या आठवा. नामाविषयी विशेष माहिती देणारा शब्द तो विशेषण. इंग्रजीच्या तासालाही हेच शिकवतात. या व्याख्येत नाम आहे, माहिती आहे. बोलणारा कुठेही नाही. जणू गुण वस्तूत आधीच पडलेला असतो आणि विशेषण त्याची चिठ्ठी तेवढी वरून चिकटवते! एकदा हे मान्य केले की पुढचे सगळे सोपे होते. चिठ्ठ्यांची यादी करता येते, यादी पाठ करता येते, 'नाइस' म्हणजे छान आणि 'ग्रेट' म्हणजे महान असे दोन रकाने आखता येतात. बाजारातली गाईडे हेच करतात, पण गाईडांना नावे ठेवण्याआधी आपण हे मान्य करू, की त्यांना गिऱ्हाईक आपल्या प्रश्नपत्रिकांनीच मिळवून दिले आहे. 'स्वभावचित्र रेखाटा' म्हटले की विद्यार्थी सात विशेषणे मांडतो आणि आपण सातांपैकी पाच गुण देतो.

ही समजूत खोटी का, हे इंग्रजीच्या अगदी साध्या शब्दांवरून दाखवता येते. पीटर गीच या तत्त्वज्ञाने 1956 मध्ये 'गुड' या शब्दाकडे लक्ष वेधले. तांबडी मोटार म्हणजे जी तांबडी आहे आणि मोटार आहे. हे दोन तुकडे वेगळे करता येतात. पण चांगली सुरी म्हणजे जी चांगली आहे आणि सुरी आहे, असे म्हणता येत नाही. ती सुरी म्हणून चांगली असते. लहान हत्ती हा लहान प्राणी नव्हे. चांगला चोर हा चांगला माणूस नव्हे, एवढे तर पोलिसही जाणतात. म्हणजे 'चांगला', 'लहान' यांसारखी विशेषणे वस्तूच्या अंगावरचा डाग दाखवत नाहीत. ती वस्तू कोणत्या मापाने मोजावी हे ठरवून मग ती मोजतात. आणि माप निवडतो तो बोलणारा. 'ही कविता चांगली आहे' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला 'कशी चांगली?' एवढे विचारून आपण थांबतो. खरा प्रश्न 'काय म्हणून चांगली?' हा आहे. प्रार्थना म्हणून, की घोषणा म्हणून, की कोडे म्हणून?

शब्दकोशातले दोन रकानेही इथेच कोसळतात. इंग्रजीतले 'थिक' घ्या. पुस्तक 'थिक' असले तर जाड, जंगल 'थिक' असले तर घनदाट, वरण 'थिक' असले तर घट्ट, आणि डोके 'थिक' असले तर मठ्ठ. 'ओल्ड फ्रेंड'मधला मित्र जुना की म्हातारा हे इंग्रजी संदर्भावर सोडते. मराठीला ते आधीच ठरवावे लागते. 'हॉट' या एका शब्दात इंग्रजी रस्सा तिखट आहे की नुसताच गरम, हे कळायला एक घास घ्यावा लागतो. याची उलट बाजू म्हणजे आपला 'कच्चा'. कच्चा आंबा, कच्चा रस्ता, कच्चा मसुदा, गणितात कच्चा मुलगा आणि तुरुंगातला कच्चा कैदी या सगळ्यांना मराठी एकाच शब्दाने हाक मारते, कारण तिला त्या सगळ्यांत 'अजून व्हायचे राहिले आहे' हे एकच दिसते. इंग्रजीला यांपैकी प्रत्येकासाठी निराळा शब्द शोधावा लागतो. दोन भाषा जगाचे दोन निरनिराळे वाटप करतात. 'समानार्थी शब्द द्या' हा प्रश्न ते वाटप विद्यार्थ्यापासून लपवून ठेवतो.

बोलणारा विशेषणात कुठे बसलेला असतो, हे इंग्रजीच्या शब्दक्रमातही दिसते. 'अ ब्यूटिफुल बिग ओल्ड राउंड वुडन टेबल' हे इंग्रजी माणूस सहज म्हणतो. त्याच शब्दांचा क्रम उलटून 'अ वुडन राउंड ओल्ड बिग ब्यूटिफुल टेबल' म्हणा. व्याकरणाची चूक बोट ठेवून दाखवता येणार नाही, पण ऐकणारा दचकेल. आधी अभिप्राय, मग आकारमान, मग वय, घडण, आणि शेवटी ज्याची वस्तू बनली ते द्रव्य, असा हा साधारण क्रम आहे. लाकूड नामाला चिकटून बसते आणि सौंदर्य सर्वांत दूर उभे राहते. 2017 मध्ये ग्रेगरी स्कॉन्ट्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांनाच विचारून पाहिले, की कोणत्या विशेषणाविषयी दोन माणसांचे मत भिन्न होऊनही दोघेही बरोबर असू शकतील. जे विशेषण अधिक व्यक्तिसापेक्ष ठरले ते नामापासून अधिक दूर ठेवण्याकडे कल दिसला. टेबल लाकडी आहे की नाही यावर पैज लावता येते; ते सुंदर आहे की नाही यावर फक्त भांडता येते. शाळेच्या व्याख्येने गाळलेला बोलणारा भाषेने आपल्या रचनेत असा जपून ठेवला आहे.

आता शब्दांच्या इतिहासाकडे वळू. 'नाइस' हा आज इंग्रजीतला सर्वांत निरुपद्रवी शब्द. तो ज्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आला त्याचा अर्थ अजाण, न जाणणारा. मध्ययुगीन इंग्रजीत 'नाइस' माणूस म्हणजे मूर्ख माणूस. पुढे तो चोखंदळ झाला, मग नाजूक, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकात केव्हातरी नुसताच छान. जेन ऑस्टिनच्या 1817 अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थँगर ॲबी'त हेन्री टिल्नी या शब्दाच्या सरसकट वापराची भरपूर थट्टा करतो, म्हणजे शब्दाचा कणा मोडल्याची जाणीव तेव्हाच होती. 'सिली'चा प्रवास नेमका उलटा. जुन्या इंग्रजीत तो धन्य, सुखी असा होता. धन्याचा निष्पाप झाला, निष्पापाचा दुबळा, दुबळ्याचा कीव येण्याजोगा आणि शेवटी मूर्ख. इंग्रजी समाजाने निष्पापपणाची काय किंमत केली हे या एका शब्दावरून ज्याला दिसणार नाही, त्याला जाड इतिहासग्रंथ वाचूनही दिसेल की नाही, याची शंका आहे.

सी. एस. लुइस यांनी 'स्टडीज इन वर्ड्स' या 1960 च्या पुस्तकात अशा शब्दांच्या एका मोठ्या कुळाचा छडा लावला आहे. 'नोबल', 'जेंटल', 'जेनरस' हे शब्द मुळात जन्माचे, कुळाचे. ते हळूहळू सद्गुणांचे झाले. 'मीन' म्हणजे सामान्य स्थितीचा, 'व्हल्गर' म्हणजे बहुजनांचा, 'बेस' म्हणजे खालचा. हे तिन्ही शब्द दुर्गुणांचे झाले. वरच्यांचा दर्जा हाच त्यांचा गुण ठरला आणि खालच्यांचा दर्जा हाच त्यांचा दोष. मराठीच्या विद्यार्थ्याला यासाठी इंग्लंडला जाण्याचे कारण नाही. 'नागर' म्हणजे नगरातला, म्हणून सुसंस्कृत. 'ग्राम्य' म्हणजे गावातला, म्हणून असभ्य; आणि ग्राम्यत्व तर आपल्या काव्यशास्त्राने दोषांच्या यादीत रीतसर नोंदवून ठेवलेले. आम्ही दोघेही तालुक्याच्या गावांतून आलो. काव्यदोष शिकवताना 'ग्राम्य' या शब्दावर आमची जीभ दरवर्षी किंचित अडखळते, आणि दरवर्षी आम्ही पुढच्या दोषाकडे वळतो. हे वळणे थांबवले पाहिजे, असे आम्हांला आता वाटते.

इथे एक शहाणा आक्षेप येतो. विशेषणे इतकी लबाड असतील तर ती काढूनच का टाकू नयेत? अमेरिकेतल्या लेखनशाळांनी हा उपदेश जगभर नेला आणि अलीकडे आपल्या कार्यशाळांतही तो मोठ्या आत्मविश्वासाने ऐकू येतो. नामांनी आणि क्रियापदांनी लिहा, विशेषणे छाटा. या मताचा एक प्रसिद्ध उगम म्हणजे विल्यम स्ट्रंक यांच्या 'द एलेमेंट्स ऑफ स्टाइल' या पुस्तिकेच्या 1959 च्या आवृत्तीत ई. बी. व्हाइट यांनी जोडलेले शैलीविषयक प्रकरण. गंमत अशी, की दुबळ्या नामाला कोणतेही विशेषण अडचणीतून सोडवू शकत नाही, असे जिथे व्हाइट बजावतात त्याच वाक्यात त्यांनी स्वतः तीन विशेषणे वापरली आहेत, आणि तिन्ही काढली तर वाक्याला अर्थच उरत नाही. पुष्कळ जण या मताच्या पाठिंब्यासाठी जॉर्ज ऑर्वेललाही साक्षीला बोलावतात. पण 1946 च्या 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' या निबंधात ऑर्वेलने झोडपले ते विशेषणमात्राला नव्हे. आंतरराष्ट्रीय राजकारणातल्या ओंगळ व्यवहारांना ऐतिहासिक, अविस्मरणीय, अटळ अशी भारदस्त वस्त्रे चढवणाऱ्या ठरावीक शब्दांना त्याने झोडपले. कपडे चोरीचे आहेत, हे त्याचे म्हणणे. 'सर्वांनी उघडे फिरावे' असे तो म्हणाला नव्हता.

छाटणीचा हा उपदेश वरकरणी कठोर दिसतो. खरे पाहता तो सोयीचा आहे. विशेषण काढले की न्यायनिवाडा संपतो असे नाही. तो फक्त लपतो. 'तो हसला' आणि 'तो खिदळला' यांत विशेषण एकही नाही, पण निवाडा आहेच. 'झोपडपट्टी' हे नाम आहे, 'वस्ती' हेही नामच. बोलणाऱ्याने आपले मत नामात दडवले तर त्याला जाब विचारणे अवघड होते. विशेषणात ते उघड्यावर उभे असते आणि त्याच्याशी वाद घालता येतो. म्हणूनच आम्ही विशेषणाला भाषेतला प्रामाणिक भाग म्हणतो.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. कुंतकाने वक्रतेच्या प्रकारांत विशेषणवक्रतेला स्वतंत्र जागा दिली. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त परिकर नावाचा अलंकार आहे. त्याचे लक्षणच असे, की वापरलेली विशेषणे साभिप्राय असली पाहिजेत. याच्या जोडीला, अर्थाला पुष्टी न देणारे पद घालणे हा त्याने अपुष्टार्थ नावाचा दोष मानला. म्हणजे विशेषणे किती, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. हे विशेषण इथे कोणत्या अभिप्रायाने आले आहे, हे त्यांनी विचारले. आम्ही परिकर शिकवतो तो दोन गुणांच्या टिपेपुरता, आणि मग इंग्रजीतून आलेल्या छाटणीच्या फतव्यापुढे मान डोलावतो.

साभिप्राय विशेषण म्हणजे काय, हे पाहायचे तर 'ऑथेल्लो' नाटक घ्यावे. विल्यम एम्प्सन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (1951) या ग्रंथात त्यातल्या 'ऑनेस्ट' या एका शब्दावर अख्खे प्रकरण लिहिले. हा शब्द आणि त्याचे नाम मिळून नाटकात पन्नासाहून अधिक वेळा येतात, आणि बहुधा इयागोच्या संदर्भात. वरवर पाहता हा निव्वळ उपरोध, कारण इयागोइतका अप्रामाणिक माणूस शोधून सापडणार नाही. पण एम्प्सन दाखवतात, की त्या काळच्या इंग्रजीत वरिष्ठ माणूस कनिष्ठाला 'ऑनेस्ट' म्हणतो तेव्हा त्यात पाठीवर थाप असते आणि तीत किंचित तुच्छताही असते. शब्दात आणखीही छटा आहेत. उघडाबोडका बोलणारा, दिलखुलास गडी. बढती हुकलेल्या इयागोला सगळे 'ऑनेस्ट' म्हणतात तेव्हा प्रत्येक वेळी त्याला त्याची पायरीही दाखवली जाते. आता अनुवादकाचा प्रश्न. 1867 मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी हे नाटक मराठीत आणले तेव्हापासून तो आपल्यापुढे आहे. 'प्रामाणिक' म्हणावे तर तो शब्द कोणालाही लागतो, त्यात पायरी नाही. 'इमानी' म्हणावे तर पायरी येते. चाकर इमानी असतो, कुत्रा इमानी असतो, मालकाला कोणी इमानी म्हणत नाही. पण 'इमानी'त तो दिलखुलास गडी हरवतो. 'भला' म्हणावे तर गडी येतो आणि निष्ठा जाते. या तीन शब्दांतून एक निवडणे म्हणजे अख्ख्या नाटकाचे एक वाचन निवडणे. वर्गात यावर एक तास वाद झाला, तर तो तास सात विशेषणांच्या शंभर स्वभावचित्रांपेक्षा मोलाचा ठरेल.

आतापर्यंत आम्ही साहित्याविषयी बोललो. आता ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या विशेषणांकडे येतो. ती आपल्याला स्वतःला लागलेली आहेत. इंग्रजांनी आपल्या भाषांना 'व्हर्नाक्युलर' म्हटले. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'व्हर्ना' आहे. अर्थ, मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून घरगुती, स्थानिक असा अर्थ पुढे आला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत 1878 मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला तो 'व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट' या नावानेच ओळखला जातो. त्याच्या अधिकृत नावात विशेषण 'ओरिएंटल' असे होते. इंग्रजी पत्रे त्याच्या कक्षेबाहेर होती. म्हणजे एका विशेषणाने कोणाच्या छापखान्यावर जप्ती येणार हे ठरत होते. विशेषण ही निव्वळ माहिती असते असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या काळच्या एखाद्या संपादकाच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. आणि आपण काय केले? तोच शब्द अंगावर घेतला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने 'व्हर्नाक्युलर फायनल' ही परीक्षा दिली, ती अभिमानाने सांगितली, आणि आजही एखाद्याचे शिक्षण 'व्हर्नाक्युलर मीडियम'मध्ये झाले असे म्हणताना आवाज आपोआप खाली येतो.

याच्या उलट टोकाला 3 ऑक्टोबर 2024 ही तारीख आहे. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. आनंद आम्हांलाही झाला. या दर्जामागे अनेकांचे संशोधन आणि चिकाटी आहे, आणि त्यातून भाषेच्या अभ्यासाला बळ मिळणार असेल तर ते हवेच आहे. पण हे विशेषणही उघडून पाहू. 'क्लासिकल'च्या मुळाशी 'क्लासिकस' आहे, म्हणजे रोमन नागरिकांच्या संपत्तीनुसार पाडलेल्या वर्गांपैकी सर्वांत वरच्या वर्गाचा. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसने तो लेखकाला लावला, आणि लावताना विरोधी टोक म्हणून निर्धन वर्गाचा शब्द जोडीला ठेवला. 'अभिजात' म्हणजे तर उघडच चांगल्या कुळात जन्मलेला. 1878 मध्ये घरात जन्मलेला गुलाम, 2024 मध्ये कुलीन. दोन्ही विशेषणे जन्माची, आणि दोन्ही इतरांनी दिलेली. ज्ञानेश्वरांची, तुकारामांची, बहिणाबाईंची भाषा या दोनांपैकी कोणत्याही शब्दात मावते का? पहिल्याने आपण खजील झालो आणि दुसऱ्याने फुशारलो. या दोन्ही वेळी शब्दाच्या मालकाला प्रश्न विचारायचा राहिलाच.

प्रश्न विचारणारे लोक होते. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी 2001 मध्ये कॉमनवेल्थ लेखक पुरस्काराच्या स्पर्धेत होती आणि विभागीय पातळीवर तिची निवडही झाली होती. घोष यांनी ती स्पर्धेतून मागे घेतली. त्यांची हरकत पुरस्काराच्या नावातल्या त्या वर्णनाला होती. आपले लेखन साम्राज्याच्या आठवणीने ओळखले जावे हे त्यांना मान्य नव्हते. सलमान रश्दी यांनी तर 1983 मध्येच 'कॉमनवेल्थ साहित्य' नावाची वस्तू अस्तित्वातच नाही, असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला होता. त्यांचे दुखणे नेमके हे, की इंग्लंडमध्ये लिहिले गेलेले ते नुसते साहित्य, आणि बाकीच्यांचे मात्र विशेषणासहित.

मराठीत याहून मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. 1958 मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत हे साहित्य बहरले तेव्हा साळसूदपणे सांगितले गेले, की साहित्य हे साहित्य असते, त्याला विशेषण कशाला? आजही विद्वान वक्ते हे वाक्य उच्चारतात आणि सभागृह टाळ्या वाजवते. आमचा या वाक्याला ठाम विरोध आहे. निर्विशेषण साहित्य नावाची गोष्ट कधीच नव्हती. जे विशेषणाशिवाय मिरवत होते त्याचे विशेषण सर्वांनी गृहीत धरलेले होते, म्हणून ते उच्चारावे लागत नव्हते, एवढेच. 'दलित' या विशेषणाने ते गृहीत उघडे पाडले. 'व्हर्नाक्युलर' वरून खाली आले. 'दलित' हा शब्द ज्यांच्यावर दडपण होते त्यांनी स्वतः निवडला आणि समीक्षेला आपले माप तपासून घ्यायला लावले. विशेषण कोणाचे असते, या आमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ते नामाचे नसते. ते लावणाऱ्याचे असते. आणि ज्याला लावले गेले तो ते परत करू शकतो, बदलू शकतो, किंवा हिसकावून घेऊन आपले करू शकतो.

मग आम्ही प्राध्यापकांनी करावे काय? आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. अनुवादाच्या प्रश्नपत्रिकेत समानार्थी शब्दांचा प्रश्न रद्द करावा आणि त्याऐवजी एकाच इंग्रजी विशेषणाचे पाच नामांबरोबरचे पाच अनुवाद मागावेत. स्वभावचित्राच्या उत्तरात प्रत्येक विशेषणामागे 'कोणाच्या मते?' हा प्रश्न लाल शाईने लिहावा. पात्राच्या, निवेदकाच्या, की तुझ्या? आणि आपल्या स्वतःच्या परीक्षणांतून 'हृदयस्पर्शी', 'आशयगर्भ', 'विचारप्रवर्तक' हे तीन शब्द, कोणत्या हृदयाला कुठे स्पर्श झाला हे सांगता येईपर्यंत, रजेवर पाठवावेत. छाटून टाकावेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांना काम मिळाले की ते परत येतील.

त्या विद्यार्थिनीचे पत्र आम्ही पुन्हा लिहिले. दोन तासांऐवजी चार दिवस लागले. तिने एकाच कथेचे दोन अनुवाद शेजारी ठेवून एका शब्दावर पाच पानांचा निबंध लिहिला होता, वर्गात आमची एक चूक सभ्यपणे पण न कचरता दाखवली होती, आणि परक्या भाषेतला शब्द अडला की ती पुढे जात नाही, शब्दकोश उघडते, हे आम्ही नुकतेच अनुभवले होते. हे सगळे लिहिले. विशेषण एकच ठेवले, 'एक्झॅक्टिंग'. सहजी समाधान न मानणारी. ते ठेवायचे की नाही यावर आमच्या दोघांत पुष्कळ वाद झाला, कारण हा शब्द त्रासदायक या अर्थानेही वाचता येतो. शेवटी आम्ही तिलाच विचारले. तिने दोन शब्दकोश पाहिले आणि म्हणाली, "राहू द्या. हा मला चालेल."